डबा देणाऱ्या आजींचा फोटो

दुधाच्या पावडरीचा डबा शेवटी फूड बँकेत सुखरूप पोचला, आणि ज्या घरासाठी तो पोचवला त्या घराचं नाव दुसऱ्याच दिवशी यादीतून उडालं. पण हे अजून झालंच नाही, असं आपण धरून चालू. तीन नंबरच्या काउंटरवालीही शनिवारी सकाळी तसंच धरून कामावर आली होती, आणि धरून चालण्यात तिचा अनुभव आपल्यापेक्षा दांडगा आहे.

सुपरमार्केटमध्ये तिला सगळे नुसतं ‘तीन नंबर’ म्हणत. त्या दिवशी तिला काउंटरवरून उठवून दाराशी उभं केलं होतं. अंगात हिरवा एप्रन, हातात गिऱ्हाइकांना वाटायच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, शेजारी मोठी ट्रॉली. गिऱ्हाइकांनी गरजूंसाठी एखादी वस्तू जास्तीची घ्यायची आणि जाताना ट्रॉलीत टाकायची. पाच वाजता फूड बँकेची गाडी येऊन सगळं तोलून नेणार होती.

तिला त्यातली एकच वस्तू हवी होती. घरी चार महिन्यांची पोर. टायफॉइडनंतर हिचं दूध आटलं होतं, नवऱ्याचा हात प्लॅस्टरमध्ये आणि काम बंद, आणि डब्यात पावडर उरली होती ती उद्या दुपारपर्यंतची. फूड बँकेत सासूबाईंचं नाव लावलं होतं. बाळाचा डबा आला की पहिला तुमचा, असं तिथल्यांनी सांगितलं होतं. फक्त डबा कुणी देत नव्हतं.

आणि हे दुकानात कळून चालणार नव्हतं. कर्मचाऱ्याच्या घरी अशी मदत जात असेल तर तसं कळवावं, असं मुख्य कार्यालयाचं पत्रक होतं. गेल्या वर्षी मासळी विभागातल्या एकानं प्रामाणिकपणे कळवलं. आता तो प्रामाणिकपणे घरी असतो.

सकाळपासून गिऱ्हाइकं येत होती. हिरवा एप्रन दिसला की निम्म्यांना एकाएकी महत्त्वाचे फोन यायचे. एका बाईंनी विचारलं की हे लोक खरोखरचे गरीब असतात ना, कारण त्यांनी रांगेतल्या एकाच्या हातात मोबाइल पाहिला होता. एका गृहस्थांनी हे काम सरकारचं आहे हे वीस मिनिटं समजावलं, तेवढ्यात त्यांच्या पिशवीतलं आइस्क्रीम वितळलं, आणि त्यालाही त्यांनी सरकारलाच जबाबदार धरलं. एकजण म्हणाला, आम्ही विकत घ्यायचं, नफा दुकानानं घ्यायचा आणि पुण्यही दुकानानंच. हे खरं असल्यामुळे तिनं त्याच्या हातात आणखी एक चिठ्ठी ठेवली. एकीनं मुलाला न आवडलेला बिस्किटांचा अर्धा पुडा दिला आणि पावती मिळते का विचारलं.

उरलेल्या सगळ्यांनी मीठ दिलं. मीठ स्वस्त, हाताला जड लागतं, त्यामुळे मन हलकं होतं.

मॅनेजरसाहेबांचं मिठावर फार प्रेम होतं. सात शाखांची स्पर्धा लागली होती आणि ती किलोवर मोजली जायची. म्हणून दर तासाला ते येत, ट्रॉलीतल्या महाग आणि हलक्या वस्तू, म्हणजे चहा, मध, अक्रोड, काढून परत फळीवर लावत आणि तेवढ्याच किमतीचं मीठ आणून टाकत. गरिबांचा एक पैसाही बुडवत नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. ते खरंच होतं. गरिबांनी फक्त मीठ खायचं होतं आणि खाल्ल्या मिठाला जागायचं होतं.

एक वाजता एक कुरिअरवाला आला. हेल्मेटही न काढता त्यानं दुधाच्या पावडरीचा डबा ट्रॉलीत ठेवला आणि चिठ्ठी न घेता निघून गेला. तीन नंबरनं इकडेतिकडे पाहिलं आणि डबा तळाशी दडपून वर मिठाच्या पिशव्या रचल्या.

दोन वाजता साहेब आले आणि वरवर चाळून गेले. तीनला कोपरापर्यंत हात घातला. चारला बाह्या सरसावल्या, तेव्हा दोन नंबरवर गिऱ्हाईक कापलेलं कलिंगड परत घ्या म्हणून अडून बसलंय, असं तिनं सांगितलं. तसं कुणी नव्हतं. पण साहेब जाऊन पोचेपर्यंत एकजण खरंच कलिंगड घेऊन उभा राहिला होता, त्यामुळे ती वाचली.

साडेचारला सासूबाई आल्या. येऊ नका म्हणून बजावलं होतं, म्हणूनच आल्या. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर नीट लपवावं, या हिशेबानं त्यांनी एक किलो मीठ विकत घेतलं, दाता असल्याच्या थाटात ट्रॉलीपाशी आल्या आणि ओठ न हलवता म्हणाल्या, “आला का गं?”

“आजी, पुढे व्हा, गर्दी करू नका,” सून म्हणाली.

त्याच वेळी साहेब फोन घेऊन आले. स्पर्धेसाठी एका दात्याचा फोटो फूड बँकेला पाठवायचा होता आणि पांढऱ्या केसांची आजी आयती समोर होती. पण हातात मीठ म्हणजे फोटोला दळिद्री दिसणार. साहेबांनी काहीतरी देखणं शोधायला दोन्ही हात ट्रॉलीत खुपसले आणि तळातून डबा वर काढला.

“हा कुठं लपला होता?” म्हणत त्यांनी तो आजींच्या हातात दिला. फोटो निघाला. मग साहेबांनी हात पुढे केला. गाडी दाराशी लागली होती, वजनवाल्या बाई काटा मांडत होत्या आणि या एका डब्याच्या किमतीत तीस किलो मीठ येत होतं.

सासूबाईंची बोटं डब्यावरून सुटेनात. तीन नंबरनं चिठ्ठ्या मोजायला घेतल्या. एक, दोन, तीन, पुन्हा एक.

“आजी, डबा,” साहेब म्हणाले.

“माझा देतानाचा फोटो काढलात ना? मग मी तो दिलाय. दिलेलं परत घेणारे तुम्ही कोण?”

काय झालं म्हणून वजनवाल्या बाईंनी मान वर केली. साहेब हसले आणि काही नाही म्हणाले. सासूबाईंनी डबा स्वतः काट्यावर ठेवला. चारशे ग्रॅम. गाडीचं दार लागलं. तीन नंबरनं दुपारनंतरचा पहिला श्वास घेतला.

रविवारी सकाळी दोघी फूड बँकेच्या रांगेत उभ्या राहिल्या. नंबर आला तेव्हा साडेअकरा झाले होते. खिडकीच्या वर फोटो लावला होता, ‘या आठवड्याच्या मानाच्या दात्या’. कारकुनानं फोटो पाहिला, सासूबाईंना पाहिलं, मागच्या फळीवरचा डबा पाहिला.

“आजी, हा डबा कालच तुम्ही दिलात. आज तो तुम्हालाच कसा देऊ?”

दाता तीन महिने लाभार्थी होऊ शकत नाही, असा नियम होता. त्यानं यादीतलं नाव पट्टी लावून सरळ रेघेत खोडलं. खरं सांगावं, तर फोटो खोटा ठरणार, फोन दुकानात जाणार आणि तीन नंबरचा काउंटर रिकामा होणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं स्वतःचं पेन दिलं आणि समितीकडे अर्ज करा म्हणाला. समिती दर तीन महिन्यांनी बसते. तीन नंबरनं कागद भिंतीला लावला आणि लिहिलं:

“प्रति, मा. समिती. विषय: एका व्यक्तीस दोन व्यक्ती धरण्याबाबत. महोदय, छायाचित्रातील देणारी आजी व खिडकीसमोरील घेणारी आजी या दोन स्वतंत्र व्यक्ती समजण्यात याव्यात. पहिलीचा मान कायम ठेवून दुसरीस डबा देण्यात यावा. दोघींचे एकमेकींशी बोलणे नाही, याची नोंद घ्यावी. सबब, या अर्जावर विचार करण्यासाठी समितीची बैठक आजच दुपारी बाराच्या आत, याच खिडकीपाशी, उभ्याने घेण्यात यावी, ही नम्र विनंती.”