आयशाबींच्या गाठीचे नाव
मित्रांनो, माझी मान वाकडी आहे, फिरकी आवळली की मी कुरकुरतो, पण नजर अजून शाबूत आहे. यवतमाळच्या एका प्रयोगशाळेतला मी जुना सूक्ष्मदर्शक. भुसा भरलेल्या पेटीतून इथे आलो आणि तीस वर्षे रक्त, थुंकी, गाठी दाखवत बसलो. लोक म्हणायचे, "मशीननं सांगतलं." मी फुगायचो! खरे म्हणजे दाखवणे तेवढे माझे. ओळखायच्या त्या डॉक्टर कौसल्याबाई.

ही गोष्ट २००६ सालची. कापसाची वाईट वर्षे होती ती. बोरी अरब गावचे जफरभाई पिंजारी, म्हणजे कापूस पिंजून गाद्या भरणारे, पण नव्या गाद्या कोणी शिवत नव्हते, जुनीच रुई पिंजून घेत होते. त्यांच्या बायकोच्या, आयशाबींच्या गळ्यात गाठ आली. गलगंड समजून घरच्यांनी सहा महिने आयोडीनचे मीठ देऊन पाहिले. शेवटी शस्त्रक्रिया झाली आणि काढलेल्या गाठीची बरणी मांडीवर धरून जफरभाई एसटीने आमच्याकडे आले.

"बाई, तुकडा घ्या, पन बाकीची गाठ शुक्रवारी मले वापस द्या. शरीराचा हिस्सा हाये. कबरस्तानात दफन कराची हाये."

त्यांच्यातली ही रीत बाईंना ठाऊक होती. त्या हो म्हणाल्या.

काचपट्टी माझ्याखाली आली. लांबट पेशींची नुसती दाटी. थायरॉइड ग्रंथीत असे दिसले की बहुतेक जण झपाट्याने वाढणाऱ्या, हाताबाहेर गेलेल्या कर्करोगाचे नाव लिहून मोकळे होतात. मग पुढचे डॉक्टर सांगतात, घरी न्या, जपा. बाईंनी पेन उचलले आणि खाली ठेवले. पुन्हा वाकल्या. पेशींची केंद्रके विडीसारखी, टोकांना बोथट. त्यांच्या जुड्या एकमेकींना आडव्या गेलेल्या.

"हे तर स्नायूसारखं दिसून राह्यलं," त्या पुटपुटल्या.

पोटाच्या, गर्भाशयाच्या, रक्तवाहिन्यांच्या भिंतीत असतो त्या स्नायूचा कर्करोग, आणि थायरॉइडमध्ये! असा आजार बाईंनी फक्त पुस्तकात वाचला होता. खात्रीसाठी नागपूरला खास रंग लावून बघायला हवे होते. त्यासाठी आणखी तुकडे लागणार होते.

शुक्रवारी जफरभाई आले, सोबत मानेला पट्टी बांधलेल्या आयशाबी. गाठ आणखी काही दिवस ठेवू द्या, असे बाईंनी सांगितले.

"तुमी जबान देल्ली होती," जफरभाई म्हणाले. आवाज चढला नव्हता, डोळे भरले होते.

"सारीच मातीत गेली तर पुन्हा पाहाता येणार नाही, भाऊ. मले चुकीचं नाव नाही लिहाचं."

आयशाबींनी बरणीकडे पाहिले. "काहून हुज्जत घालता? मी जिती आहो अजून. माह्याआधी माह्या गाठीची मय्यत कायले? थांबू द्या तिले."

जफरभाई रडता रडता हसले. मला आयशाबींचा फार अभिमान वाटला.

नागपूरहून उत्तर आले: स्नायूचाच. रोग दुसरीकडून तर गळ्यात आला नाही ना, म्हणून गर्भाशय, पोट, फुप्फुसे तपासली. तिथे काही नव्हते. उरलेली ग्रंथी काढली. गाठीचा शिल्लक भाग जफरभाईंनी रीतसर नेला. हा रोग फिरून येऊ शकतो, हेही बाईंनी लपवले नाही. तो आलाच; पण त्याआधी पाच वर्षे आयशाबींनी गाद्या भरल्या, लेकीचे, जेबाचे लग्न लावले, नातवाला मांडीवर खेळवले.

मित्रांनो, आता माझ्या जागी पडद्यावर चित्र दाखवणारे यंत्र आहे आणि मी कपाटात. माझी धूळ सवडीने पुसा. पण कोणाच्या जिवाबद्दल शेवटचा शब्द लिहायची वेळ आली, तर आणखी एकदा बघा. तेवढ्या बघण्यात एखाद्याची पाच वर्षे असतात.