नंतर लावायची पत्रं

अडतीस वर्षं मी मुलांना गणित शिकवलं आणि त्यातली निदान वीस वर्षं नीटनेटकेपणावर व्याख्यानं दिली. समास सोडा, उत्तराखाली दोन रेघा मारा, एका विषयाला एकच वही. कर्नाटकातल्या आमच्या सागर तालुक्यात आजही कोणी किराण्याच्या यादीखाली दोन रेघा मारताना दिसला, तर तो माझा विद्यार्थी समजावा. माझी स्वतःची ईमेलची पेटी मात्र मी कधी कोणाला दाखवली नव्हती. आता ती नागवेणीने पाहिली आहे. म्हणजे बस स्टँडपर्यंत बातमी पोचलीच असेल. तेव्हा मीच सांगून टाकतो.

२००६ साली आमच्या तालुक्यातल्या शाळांना संगणक मिळाले. बहुतेक शाळांत त्याला आधी हळदकुंकू लागलं, मग त्यावर मखमली कापड आलं आणि मग खोलीला कुलूप. आमच्या शाळेतल्या कुलपाची किल्ली माझ्याकडे असे. म्हणून मी दर शनिवारी सगळ्या शाळांना ईमेलने एक कोडं पाठवायला लागलो. मुलं उत्तरं पाठवायची, कोणी शाळेतून, कोणी वडिलांच्या बँकेतून, कोणी सुपारी सोसायटीच्या कचेरीतून. बारा वर्षांत बारा हजार पत्रं साठली. मुलाचं एकही पत्र टाकून द्यायचं नाही, हा माझा बाणा.

पत्रं मी घरच्या संगणकावर उतरवून घेई आणि प्रत्येक मुलासाठी तिथे एक कप्पा उघडला होता. हजेरीपटासारखा, नाव आणि शाळा. असे चारशे बारा कप्पे. योजना उत्तम होती. फक्त पत्र योग्य कप्प्यात टाकायला चारशे बारा नावांचा जिना उतरावा लागे, आणि अर्ध्या जिन्यातच कुकरची शिट्टी होई. म्हणून मी आणखी एक कप्पा केला. त्याचं नाव 'नंतर लावायचे'. बारा हजारांपैकी अकरा हजार पत्रं त्यात होती. उरलेल्या एक हजारात मात्र इतकी शिस्त होती की अधूनमधून मी नुसता बघत बसे.

या वर्षी शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं की त्यातल्या शंभर कोड्यांचं पुस्तक काढायचं. प्रत्येक कोड्याखाली ते सर्वांत आधी सोडवणाऱ्या मुलाचं नाव. पुस्तक लावायचं काम नागवेणीकडे. बस स्टँडजवळ तिचं टायपिंगचं आणि छपाईच्या जुळणीचं दुकान आहे. सत्त्याऐंशी साली ती माझ्या वर्गात होती आणि तिच्या वहीला कधी समास नसे. गुरुवारी पानं शिवमोग्याच्या छापखान्यात जायची होती. त्याआधी रविवारी तिने नावांची यादी कोडी सोडवणाऱ्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर टाकली, आणि सोमवारी सकाळी मला फोन आला.

"मेष्ट्रे, मी सुप्रभा. आवीनहळ्ळीच्या शाळेतली."

इकडे मास्तरांना मेष्ट्रे म्हणतात. मला तर भाजीवालाही म्हणतो.

"बोल बाळ."

"एक्केचाळिसावं कोडं, गाईचं. त्याखाली निरंजनचं नाव आहे."

ते कोडं असं होतं. चौकोनी गोठा, प्रत्येक भिंत दहा हात. बाहेरच्या एका कोपऱ्याला पंधरा हात दोराने गाय बांधली आहे. भोवती गवतच गवत. गाय जिथवर चरू शकेल त्या जागेचा आकार सांगा. उत्तर असं की मोठं पाऊण वर्तुळ, आणि त्याच्या दोन्ही टोकांना पाच हातांची दोन छोटी पाव वर्तुळं. कारण भिंत संपली की दोर कोपऱ्यावरून वळतो.

"बरोबर उत्तर त्यानेच दिलं," मी म्हटलं.

"आधी मी दिलं होतं. तुम्ही 'चूक' म्हणून कळवलंत."

मी हसलो. शहाण्या माणसाने हसावं तसा, नाकातून. "अडतीस वर्षांत बरोबर उत्तराला मी चूक म्हटलेलं नाही. तुझा काहीतरी घोटाळा होतोय."

"होत असेल. अकरा वर्षांची होते मी." ती म्हणाली. "मला नाव नकोय, मेष्ट्रे. मी आता होसनगरला जमीन मोजायच्या खात्यात आहे. रोज कोणाला ना कोणाला सांगते, तुझी हद्द इथपर्यंत. त्या पत्रानंतर मी तुम्हाला एकही उत्तर पाठवलं नाही. एकदा बघून एवढंच सांगा, मी बरोबर होते का?"

"सांगतो की! पत्रच दाखवतो तुला," मी ऐटीत म्हटलं. तिचं समाधान करण्यापेक्षा माझा निर्दोषपणा सिद्ध करायची घाई जास्त होती, हे कबूल करायला हवं.

साध्या माणसाने काय केलं असतं? शोधायच्या जागी 'सुप्रभा' लिहिलं असतं. पण मी मुलांना नेहमी सांगतो, आधी मांडणी, मग उत्तर. पत्र शोधण्याआधी म्हटलं सगळी पेटीच लावून घेऊ. 'नंतर लावायचे'ची ती 'नंतर'ची वेळ अखेर आली होती. मी अकराच्या अकरा हजार पत्रं एकदम निवडली आणि हलवायला घेतली. चार हजारांच्या आसपास वीज गेली. वीज गेल्यावर संगणक चालू ठेवणारी बॅटरीची पेटी आमच्याकडे आहे. पण ती दोन वर्षांपासून बंद आहे आणि तिच्यावर माझ्या बायकोने, शरावतीने, पापडांचे डबे ठेवले आहेत.

वीज आली. कप्पा उघडला. आत अकरा हजार पत्रं होती, पण पाठवणाऱ्याचं नाव नाही, विषय नाही, आणि तारीख सगळ्यांची एकच, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. म्हणजे मी पाचवीत असताना मला अकरा हजार कोरी पत्रं आली होती.

"अहो, जेवायला चला," शरावती म्हणाली. ताटात ब्राह्मीच्या पानांची तंबळी, म्हणजे ताकातली पातळ चटणी, होती. "दोन वाट्या घ्या. आठवणीला बरी असते म्हणतात."

"माझी आठवण ठणठणीत आहे. पत्रं बिघडलीत."

"तेच म्हणतेय मी. दोघांपैकी एकाची तरी आठवण बरी राहू दे."

मंगळवारी नागवेणी पेनड्राइव्ह घेऊन आली. चष्मा डोक्यावरून नाकावर ओढून पडद्याकडे पाहत राहिली.

"काही हात लावलात का, मेष्ट्रे?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे किती पत्रांना?"

"सगळ्या."

तिने चष्मा काढून पुसला. दहावीचा तिचा भूमितीचा पेपर तपासताना मीही असाच चष्मा पुसला होता. आधी तिने सगळ्याची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली. "मोडक्या वस्तूला हात लावायच्या आधी तिची नक्कल," ती म्हणाली. मग ईमेलचा प्रोग्राम बंद करून तिने तो जिथे पत्रं ठेवतो ती जागा उघडली. 'नंतर लावायचे' नावाच्या दोन फाइली होत्या, एक अजस्र, एक किरकोळ.

"ही मोठी म्हणजे पत्रं, एकाखाली एक लिहिलेली. ही छोटी म्हणजे त्यांची अनुक्रमणिका. तुम्ही अनुक्रमणिका फाडलीत. पत्रं शाबूत आहेत."

"मग आता?"

"फाटलेली काढून टाकू. प्रोग्राम पत्रं वाचून नवी तयार करेल."

तिने छोटी फाइल काढून टाकली आणि प्रोग्राम पुन्हा उघडला. खालच्या पट्टीत आकडा चढू लागला. शंभर, सातशे, तीन हजार. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतो. नावं येऊ लागली, विषय आले, प्रत्येक पत्र आपापल्या वर्षात जाऊन बसलं. कॉफी पिऊन होईपर्यंत अकरा हजारही पुरे झाले. त्यानंतर तिने माझे चारशे बारा कप्पे पाहिले आणि शरावतीलाही बोलावून दाखवले. दोघी बराच वेळ हसत होत्या. मग तिने वर्षाला एक असे बारा कप्पे केले आणि सगळी पत्रं त्यांत ओतली.

"आणि मुलाचं पत्र हवं असेल तर?" मी दुखावल्या आवाजात विचारलं.

"नाव लिहायचं आणि शोधायचं. हजेरी घ्यायची गरज नाही."

तिने 'सुप्रभा' लिहिलं. सहा पत्रं आली. गाईचं एकही नव्हतं.

"बघ!" मी टेबलावर थाप मारली. "मी म्हटलं नव्हतं?"

"पुसलेल्यांत बघूया का?"

"पुसलेलं कुठून दिसणार?"

तेव्हा तिने मला शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. या प्रोग्राममध्ये पत्र पुसलं तरी ते फाइलीतून जात नाही. त्याच्या कपाळावरचा एक आकडा बदलतो आणि ते दिसेनासं होतं, एवढंच. खरोखर जातं ते कप्पा झाडून घेतल्यावर. कप्पा झाडायचा का, असं प्रोग्राम मला दर महिन्याला विचारायचा. भलतंच काही जाईल या भीतीने मी बारा वर्षं 'नको' म्हणत आलो होतो.

"खोडरबर वापरायचा नाही, चुकीवर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. कोण सांगायचं हो आम्हाला?" नागवेणी म्हणाली. "हा प्रोग्राम तुमच्याच वर्गातला दिसतोय."

"पण मी काही पुसलेलंच नाही."

"मग बिघडतं काय बघायला?"

बिघडत काहीच नव्हतं. तरी मी कॉफीचा पेला उचलून फुंकर घातली. तो रिकामा होता. पुरे झालं, असं मी म्हणू शकलो असतो. माझी पेटी, माझा शब्द, आणि ती उठून गेली असती. पण तिच्यासमोर थाप मारून बसलो होतो. "बघ हवं तर," मी म्हटलं.

तिने फाइलीतले आकडे बदलले आणि अनुक्रमणिका पुन्हा करायला लावली. तीनशेच्या वर पत्रं वर आली. लॉटरी लागल्याची, केस उगवण्याच्या तेलाची. आणि त्यांच्या मधोमध, जुलै २००९, सुप्रभा.

'मेष्ट्रे, मोठं पाऊण वर्तुळ आणि दोन छोटी पाव वर्तुळं. आमची कपिला दोर कोपऱ्यावरून वळवून मागे जाते आणि आईची अबोली खाते. म्हणून छोटे तुकडे धरायलाच हवेत.'

त्याखाली माझं उत्तर. 'चूक. गाईच्या गोष्टी नकोत, गणित हवं. दोर भिंतीला अडतो. पुन्हा विचार कर.'

तीन आठवड्यांनी निरंजनने तेच उत्तर आकृती काढून पाठवलं होतं. त्याला मी 'शाब्बास' लिहिलं होतं.

आणखीही होतं. सुप्रभाला लिहायला घेतलेली आणि कधीच न पाठवलेली सात पत्रं. पहिल्यात लिहिलं होतं की कोड्याची भाषा थोडी संदिग्ध असल्यामुळे. दुसऱ्यात, दोर नेमका किती लवचीक हे दिलेलं नसल्यामुळे. तिसऱ्यात 'चरणे' या क्रियेची व्याख्या होती, दोन पानं. पुढची हळूहळू आखूड होत गेली. सातव्यात नुसतं 'चि. सुप्रभा,' एवढंच होतं. मग एके दिवशी मी सगळीच पुसून टाकली असणार. आता आठवलं, असं म्हणत नाही. विसरल्याचं नाटक आता करता येईना, एवढंच.

नागवेणीने सातही पत्रं पुन्हा एकदा वाचली.

"दोघांची नावं घालू," मी म्हटलं. "सुप्रभा आणि निरंजन."

"आणि तुमचं?"

"माझं कशाला?"

"तिसरं उत्तर तुमचं आहे की. दोर अडतो, नुसतं पाऊण वर्तुळ पुरे."

मी शरावतीकडे पाहिलं. ती पापडांचे डबे बॅटरीच्या पेटीवरून उतरवत होती आणि मदतीला येण्याची काही चिन्हं नव्हती.

मी फोन लावला. मागे माणसांचा कल्ला ऐकू येत होता. सुप्रभा कुठल्यातरी बागेत मोजणीला गेली होती.

"बाळ, त्याचं असं आहे, त्या काळी संगणकावर पत्र वाचताना…"

नागवेणीने चष्म्यावरून पाहिलं.

"तू बरोबर होतीस," मी म्हटलं. "मी चुकलो. तेव्हाच कळलं होतं मला. सांगायचं धाडस झालं नाही."

पलीकडे तिने कोणाला तरी 'जरा थांबा' म्हटलं.

"मेष्ट्रे," ती सावकाश म्हणाली, "एक मिनिट. स्पीकर लावते. इथे दोन भाऊ सकाळपासून भांडतायत. एकाचं कुंपण दीड हात आत आलंय आणि तो कबूल करायला तयार नाही. तेवढं परत बोला ना."

"अगं, सगळ्यांसमोर?"

"मला तुम्ही लेखी कळवलं होतंत."

मी परत म्हटलं. गणित मोठ्याने म्हणावं तसं, शब्द सुटे करून. "सुप्रभाचं उत्तर बरोबर होतं. मी चुकलो होतो." कल्ला थांबला. मग एक म्हातारा आवाज आला, "कोण गं हे?" आणि ती म्हणाली, "माझे मेष्ट्रे." त्यावर दुसरा कोणीतरी ओरडला, "ऐकलंस का रे? मास्तर कबूल करतायत, मग तू कोण लागून गेलास?" आणि भांडण पहिल्याहून मोठ्याने सुरू झालं.

"कपिलेचं वाक्य काढू नका हं," ती त्या गोंगाटातून ओरडली. "ते उत्तरातच आहे."

नागवेणीने तोवर एक्केचाळिसावं पान उघडलं होतं. आधी सुप्रभाचं नाव आलं आणि कपिला आणि अबोली. मग निरंजनची आकृती. खाली तीन बोटं जागा उरली.

"तुमची चूक बारीक अक्षरात घालू की मोठ्या?" तिने विचारलं.

"मुलांना वाचता येईल अशी घाल," मी म्हटलं.