भूल फक्त हिरडीला

डॉक्टर दातांचे, पण जीव कवितेवर. एका वाङ्मयीन मासिकाच्या वार्षिक कविता स्पर्धेला ते न चुकता कविता पाठवायचे आणि ती तितक्याच न चुकता साभार परत यायची. पण गडी हार मानणारा नव्हता. स्पर्धेतून परतलेल्या कविता ते दवाखान्यात, खुर्चीवर आडव्या पडलेल्या पेशंटना ऐकवत. तोंडात कापूस घेऊन उठून जाणार कोण?

यंदा मासिकाच्या संपादकबाईंचा फोन आला. "आमचे एक परीक्षक आजारी पडलेत. तुम्ही याल का?"

डॉक्टर हरखले, लगेच हो म्हणाले. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अहो, परीक्षकाला भाग घेता येत नाही. म्हणजे यंदा तुमची कविता नाही."

"अरेच्चा! खरंच की."

"संपादकबाई हुशार दिसतात," ती म्हणाली.

कवितांचा गठ्ठा घरी आला. कवींची नावं झाकलेली. निम्म्या कवितांत चंद्र, उरलेल्यांत समुद्र. डॉक्टर जांभया देत वाचत होते आणि एका कवितेपाशी थबकले.

'तोंड माझं उघडं, बोलतात मात्र ते.
ड्रिल थांबतं, कविता सुरू होते.
भूल फक्त हिरडीला दिलीय,
कानांना नाही.'

डॉक्टरांचे कान तापले. त्यांनी तो कागद गठ्ठ्याच्या तळाशी सारला. पुन्हा वर काढला. शेवटी बायकोला वाचून दाखवला. ती इतकी हसली की डोळ्यांना पदर लावावा लागला.

"चांगली आहे का पण?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

"तुम्हीच सांगा. परीक्षक तुम्ही."

चांगली होती. तीच तर पंचाईत होती.

दुसरे परीक्षक, एक निवृत्त प्राध्यापक, बैठकीत म्हणाले, "असल्या चेष्टेला पहिलं बक्षीस?"

"चेष्टा असली तरी वर्मी लागते, सर. मला लागली," डॉक्टर म्हणाले आणि तासभर हटले नाहीत.

समारंभात बक्षीस घ्यायला स्टेजवर आली ती कोपऱ्यावरच्या बेकरीची मालकीण. समोर डॉक्टर दिसताच तिचा हात आपोआप गालावर गेला.

"अगंबाई! तुम्ही वाचलीत?"

"मीच निवडली."

"रागावलात ना?"

"आधी रागावलो. मग म्हटलं, निदान कोणीतरी ऐकत होतं."

"ऐकत होते म्हणजे काय! तुमच्या त्या गळक्या नळाच्या कवितेची शेवटची ओळ मला आवडली होती. सांगणार कशी? तोंडात तुमचा हात!"

मग तिनं माइकवर कविता वाचली. सभागृह खदखदून हसलं. जन्मभर दुसऱ्यांचे दात काढणारे डॉक्टर त्या दिवशी सगळ्यांदेखत स्वतःच दात काढत होते.

चहाच्या वेळी ती जवळ आली. "दाढ अजून ठणकतेय, डॉक्टर."

"उद्या या. फक्त दाढ बघू, शप्पथ."

"फक्त दाढ?" ती क्षणभर घुटमळली. "बघा... एखादी छोटी असेल तर चालेल."