बापापेक्षा दहा दिवसांनी मोठा

मी अकरा वर्षं व्यावसायिक बास्केटबॉल खेळलो. फार मोठा खेळाडू नव्हतो. राष्ट्रीय संघाच्या शिबिराला एकदा बोलावणं आलं, तिसऱ्या दिवशी परत पाठवलं. पण आमच्या बास्केटबॉलवेड्या देशात शिबिरातून परत पाठवलेल्या माणसालाही न्हाव्याकडे रांगेत थांबावं लागत नाही. माझं नाव रापोलास. उंची सात फुटांना दोन इंच कमी.

बिर्झाइ या छोट्या गावाजवळच्या एका खेड्यात मी वाढलो. मी सहा वर्षांचा असताना माझा बाप गवत कापता कापता शेतात पडला तो उठलाच नाही. आई दूधडेअरीत कामाला होती. गोठ्याच्या दारावर रिंग तिनेच ठोकली, पिंपाचं लोखंडी कडं वाकवून. ती जरा खाली कललेली होती, त्यामुळे माझा फेकलेला बॉल जन्मभर थोडा जास्तच उंच जायचा. प्रशिक्षक वैतागायचे, पण आईची चूक कोण सांगणार?

विसाव्या वर्षी पानेवेझिस शहराच्या क्लबशी पहिला करार झाला. मग पोलंड, लाटविया, रोमानिया. रोमानियात संघाची बस घाटात बंद पडली की ढकलायला सगळ्यात आधी मला उतरवायचे. मी बहुतेक वेळ राखीव बाकावर असायचो, शेवटच्या दहा मिनिटांत आत जायचो, रिंगखाली धक्के खायचो, धक्के द्यायचो, आणि आनंदात झोपायचो. एकतिसाव्या वर्षी गावाकडून फोन आला. बिर्झाइचा क्लब पहिल्यांदाच वरच्या लीगमध्ये चढला होता आणि त्यांना कप्तान हवा होता. संचालक झिग्मास, लाकडाच्या वखारीचा मालक, फोनवर म्हणाला, "ये बाबा. तुला बाकावर बसवावं असा दुसरा खेळाडू आमच्याकडे नाहीच."

मी आलो. बायको योलिता आली, तीन वर्षांची मिग्ले आली. माझी आई तर आठ दिवस नुसती हसत होती.

ऑगस्टमध्ये सगळ्या खेळाडूंची तपासणी असते. गावच्या दवाखान्यात डॉक्टर वांदा सेलिएने होत्या. साठी उलटलेल्या, ठेंगण्या, चष्मा नाकावर घसरलेला. बाकीच्या पोरांना त्यांनी पाच-पाच मिनिटांत मोकळं केलं. माझ्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि काढेचनात.

"श्वास सोड. परत घे. आता पुढे वाक." मग म्हणाल्या, "अंगठा मुठीत धर बघू."

मी धरला. अंगठ्याचं टोक मुठीच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आलं.

"मी सही करणार नाही," त्या म्हणाल्या. "आधी कौनासच्या मोठ्या इस्पितळात जाऊन हृदयाची सोनोग्राफी करून ये."

"डॉक्टरबाई, परवापासून सराव आहे."

"मग परवा सराव करू नकोस."

कौनासची तारीख ऑक्टोबरची मिळत होती. तोवर मोसम सुरू झाला असता. झिग्मासने टेबलावर मूठ आपटली. त्याच्या ओळखीत दुसऱ्या गावचा एक डॉक्टर होता, तो माणूस न बघता सही करायचा. दाखला दुसऱ्या दिवशी हातात आला. मला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. अकरा वर्षांत कुठे काही झालं होतं?

सरावाच्या पहिल्या सकाळी आम्ही धावायला सुरुवात केली आणि डॉक्टरबाई हॉलमध्ये आल्या. अंगात रेनकोट, एका हातात स्वयंपाकघरातलं तिपाई स्टूल, दुसऱ्या हातात विणकामाची पिशवी. सरळ मैदानात शिरल्या, बरोबर रिंगखाली स्टूल ठेवलं आणि बसल्या.

प्रशिक्षकांनी शिट्टी तोंडातून काढली. "डॉक्टरबाई, सराव चालू आहे."

"चालू द्या की. रापोलास बाहेर गेला की मीही जाते."

"बॉल लागेल तुम्हाला."

"लागला तर मलमपट्टी माझी मीच करीन. तुम्हाला त्रास देणार नाही."

पोरं हसायला लागली. आम्ही दुसऱ्या अर्ध्या मैदानात खेळलो. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा झिग्मास दारातच उभा होता. त्या त्याच्या काखेखालून आत आल्या. तिसऱ्या दिवशी विणलेला पायमोजा घोट्यापर्यंत आला होता आणि माझं डोकं फिरलं होतं. मी बॉल आपटत त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"तुम्हाला हवंय तरी काय?"

त्यांनी टाके मोजून पूर्ण केले, मग वर पाहिलं. माझ्याकडे बघायला त्यांना मान फार मागे टाकावी लागायची. "एक तपासणी. कौनासला माझ्या वर्गातला एक सर्जन आहे, त्याला मी फोन केलाय. तो उद्या बघेल. त्याने खेळ म्हटलं, तर मी गावच्या पेपरात माफी छापून आणीन. माझ्या फोटोसकट."

फोटोचं ऐकून सगळा संघ ओरडला, "जा, जा." मी गेलो ते त्यांना खोटं पाडायलाच.

कौनासच्या सर्जनने पडद्यावरचं चित्र बराच वेळ पाहिलं. मी शर्ट घालत होतो तेवढ्यात त्याने माझा हात धरला. "बसा."

"उभा बरा आहे."

"बसा म्हणतोय ते गप्पा मारायला नाही. आता जिनासुद्धा चढायचा नाही." हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी माझ्यात फुग्यासारखी ताणली गेली होती. कधी फुटेल याचा नेम नव्हता. एखाद्या जोराच्या धक्क्यानेही फुटली असती. आणि धक्के खाणं हा तर माझा धंदाच होता.

त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. छाती उघडली, फुगलेला तुकडा काढून नळी बसवली. शुद्धीवर आलो तेव्हा योलिता रडत होती. मी विचारलं, "पहिली मॅच कधी आहे?" ती आणखीच रडायला लागली.

आता खरं ते सांगतो. लोकांना वाटतं, जीव वाचला की माणूस लगेच हात जोडतो. मी नाही जोडले. ज्या दिवशी कळलं की आता पुन्हा कधीच खेळायचं नाही, त्या दिवशी सर्जनचा राग आला नाही, माझ्या हृदयाचा आला नाही, आला तो त्या स्टुलावर बसलेल्या बाईचा. कप्तानाशिवाय संघ वसंतापर्यंत कसाबसा टिकला आणि लीगमधून खाली घसरला. गावानेही तिलाच धरलं. पावाच्या दुकानातली बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "काय डॉक्टरबाई, यंदा कोणाला घरी बसवताय?"

"तुझा रक्तदाब बघता तुलाच," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि पाव घेऊन निघाल्या. पण हे मला आईने सांगितलं तेव्हा पुढचंही सांगितलं. त्या दिवसापासून त्या पाव आणायला चौकापलीकडच्या लांबच्या दुकानात जायला लागल्या.

झिग्मासने मला वखारीच्या कचेरीत ठेवून घेतलं. ओझं उचलायचं नाही, फोन उचलायचे. कधी त्याने बोलून दाखवलं नाही. त्या माणसाचे उपकार मी तेव्हा मोजलेच नाहीत. मी कोणाचेच मोजत नव्हतो. रस्त्यात डॉक्टरबाई दिसल्या की पलीकडच्या बाजूला जायचो. आई मात्र दर शनिवारी घरचं चीज फडक्यात बांधून त्यांच्याकडे न्यायची.

एकदा तिला बटाटे किसून देता देता मी भडकलो. "आई, जिने माझ्या पोटावर पाय दिला तिला तू चीज देतेस?"

आई बटाटे सोलत होती, हात थांबला नाही. "तुझ्या बापाच्या वेळी कोणी असं मध्ये येऊन बसलं असतं ना, तर मी गाय दिली असती. सोड ती किसणी, बोट कापशील."

अशी तीन वर्षं गेली.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला, गेलेल्यांच्या आठवणीच्या दिवशी, सगळं गाव दफनभूमीत असतं. दुपारी मी मिग्लेला घेऊन गेलो. बापाच्या थडग्यावरची पानं झाडली, शेवंती ठेवली, मेणबत्त्या लावल्या. मिग्लेला नुकतीच अक्षरं यायला लागली होती. तिने दगडावरचं मोठ्याने वाचलं, आजोबांचं नाव, जन्माची तारीख, मृत्यूची तारीख. मग विचारलं, "बाबा, आजोबा किती वर्षांचे होते?"

मी हिशेब केला. चौतीस वर्षं, तीन महिने, बावीस दिवस. आणि मग, का कोण जाणे, माझा केला. पुन्हा केला. दहा दिवसांपूर्वी मी माझ्या बापापेक्षा मोठा झालो होतो. मला कळलंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी मी बहुधा वखारीत फोन उचलत होतो, संध्याकाळी बिटाचं सूप प्यायलो असेन आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुरलो असेन. मिग्ले सहा वर्षांची होती. बाप गेला तेव्हा मी होतो तेवढीच.

मी खाली बसलो. ओल्या मातीवर, नव्या पँटसकट.

दोन रांगा पलीकडे डॉक्टरबाई नवऱ्याच्या थडग्यापाशी गुडघे टेकून होत्या आणि त्यांना उठता येत नव्हतं. दगडाला धरत होत्या, हात घसरत होता. मी गेलो, हात दिला, त्यांना उभं केलं. तीन वर्षांत पहिल्यांदा आम्ही समोरासमोर होतो.

"गुडघे," त्या म्हणाल्या. "तुझी नळी काय म्हणतेय?"

"बरी आहे." मग विचारलं, "तुम्हाला कसं कळलं होतं?"

"कळलं कुठे होतं? शंका होती." त्यांनी हातांची माती झटकली. "तुझ्या बापाला शेतात बघायला मीच गेले होते. इथे नवीनच होते. असाच उंच, अशीच लांब बोटं. मृत्यूच्या दाखल्यावर मी 'हृदय' एवढंच लिहिलं. त्यापुढचं मला येतच नव्हतं. घरी आले आणि वाचायला बसले. अशी उंची, अशी बोटं आणि फुगणारी रक्तवाहिनी बापाकडून पोराकडे येतात, हे मग कळलं. वाचता वाचता पंचवीस वर्षं गेली. मग तू आलास, शर्ट काढून."

"आणि तुमची शंका चुकली असती तर?"

"तर पेपरात फोटो आला असता. तू जन्मभर चिडवलं असतंस. मला ते फार आवडलं असतं रे."

मला आभार मानायचे होते. तोंडातून आलं ते वेगळंच. "मिग्लेला तपासाल?"

"तीन वर्षं वाट बघतेय तू कधी विचारतोस याची. तुझ्या आईकडून दर शनिवारी निरोप पाठवत होते."

आईने तो निरोप योलितापाशी पोहोचवला होता. मला सांगायची दोघींची हिंमत झाली नव्हती. ही माझी सगळ्यात मोठी लाज आहे आणि मी ती लपवत नाही.

मिग्लेलाही तेच निघालं, पण अगदी सुरुवातीचं. औषध सुरू झालं, दरवर्षी कौनासला फेरी. बास्केटबॉल नाही, उड्या नाहीत, पोहणं चालेल. आज ती एकोणीस वर्षांची आहे, माझ्या खांद्याला लागते, आणि गावच्या प्रत्येक मॅचला गुणलेखकाच्या टेबलापाशी बसते. पंचांशी भांडण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही.

दफनभूमीतल्या त्या भेटीनंतर लगेचच्या हिवाळ्यात क्लबने एका मॅचआधी जुन्या खेळाडूंचा सत्कार ठेवला. माझ्या हातात माइक आला. मला भाषण येत नाही. मी म्हणालो, "या हॉलमध्ये तीन सकाळी एक बाई रिंगखाली बसली होती. तिच्यामुळे आपण खाली घसरलो असं तुम्ही म्हणता. मीही म्हणायचो. मी तिला नमस्कारसुद्धा करत नव्हतो. माझा बाप जेवढा जगला त्यापेक्षा मी आता जास्त जगलोय. डॉक्टरबाई, मी तुमचा ऋणी आहे. हे सांगायला उशीर झाला."

हॉल उभा राहिला. पावाच्या दुकानातली बाईही उभी राहिली, आधी इकडेतिकडे बघून. डॉक्टरबाई झिग्मासला म्हणाल्या, "बास झालं, मॅच सुरू करा," आणि झिग्मासने स्वतःच्या खुर्चीवरची उशी काढून त्यांच्या खुर्चीवर ठेवली.

मी आता गावच्या शाळेत मुलींना शिकवतो. दर ऑगस्टमध्ये सगळ्यांना कौनासला सोनोग्राफीला घेऊन जातो, एका बसमध्ये, वाटेत आइस्क्रीम. दोघींमध्ये दोष सापडला आणि वेळेत सापडला. त्यांचे आईबाप आधी माझ्यावर रागावले. मी त्यांना काही समजावत बसलो नाही.

परवा जिल्ह्याच्या पेपरची एक बातमीदार आली होती. तिने विचारलं, कारकीर्द अर्धवट राहिली याचं वाईट वाटतं का. मी खरं सांगितलं, शरद ऋतूत हॉलची फरशी नव्याने घासतात तेव्हा त्या वासाने अजून वाटतं. मग तिला म्हटलं, अकरा वर्षं खेळलो, त्यानंतर सोळा वर्षं जगलो आहे, आणि ही सोळा जास्त बरी गेली. ती लिहून घेत होती तेवढ्यात मुली सरावाला आल्या, म्हणून तिला बाजूच्या बाकावर बसवलं आणि कामाला लागलो.