डाव्या बाजूची थंडी

मी एक जुनी बंद टपाची जीप आहे. सापगावात पंढरीच्या अंगणात, चिंचेच्या सावलीला माझी जागा आहे. माझा मूळ रंग पांढरा. आता धूळ आणि गंज यांच्या तावडीतून सुटलेला एखादा पट्टा तेवढा पांढरा दिसतो. मित्रांनो, माझ्या दारावर बोटाने नावं लिहून गेलेली मुलं पुष्कळ आहेत. तुम्हीही लिहा, माझी हरकत नाही. पण लिहून झालं की जरा टेकून बसा. मला तुम्हाला माझ्या पोटातल्या उबेची गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या उजेडात मला चाकं मिळाली, काचा मिळाल्या, आवाज मिळाला. माझे पहिले मालक थंड हवेच्या एका गावातले डॉक्टर होते. त्यांनी हौसेने माझ्यात हिटर बसवून घेतला. हिटर म्हणजे काय, ते थोडं समजून घ्या, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवतीच फिरते. इंजिन चालू लागलं की तापतं. ते फार तापू नये म्हणून त्याच्याभोवती पाणी फिरवतात. ते तापलेलं पाणी पुढे एका लहानशा जाळीतून नेतात. एक पंखा गाडीतलीच हवा ओढून त्या जाळीवर सोडतो. हवा गरम होते आणि दोन नळ्यांतून आत येते. माझी उजवी नळी आखूड आणि सरळ होती. डावी मात्र सीटखालून वळसा घेऊन मागच्या भागापर्यंत जायची.

डॉक्टरांनी दहाएक वर्षं मला छान जपलं. पुढे त्यांनी नवी गाडी घेतली आणि मी हात बदलत बदलत घाट उतरून पंढरीकडे आले. पहिल्याच दिवशी पंढरीने हिटरचा खटका दाबला, गरम वारा पायांवर घेतला आणि दिलखुलास हसला.

"आपल्याकडं ह्याचा काय उपयोग?" तो बायकोला म्हणाला. "बैलाला स्वेटर घालण्यातली गत."

मला वाईट वाटलं. भाताची पोती, लग्नाची वऱ्हाडं, आजारी माणसं, भजनी मंडळं, सगळं मी वाहिलं. पण तो खटका तीन-चार वर्षं कुणी दाबला नाही. पंखा जिथून हवा ओढतो त्या तोंडावरची वेगळी, बारीक जाळी या काळात गंजून गळून पडली. कुणाच्या ते लक्षात आलं नाही. वापर नसलेल्या गोष्टीकडे कोण बघतो?

मग दोन हजार तीन साली माझ्या हिटरचे दिवस पालटले. ते पालटले सकुबाईमुळे.

सकुबाई किन्हवलीच्या पुढच्या एका पाड्यावर राहायची. भात झोडून झालं की त्या पाड्यावरची माणसं वीटभट्टीवर जायची. बायका जायच्या, त्यांच्यामागे मुलंही जायची, आणि शाळेतले बाक पावसाळ्यापर्यंत रिकामे राहायचे. त्या वर्षी सकुबाईने बायकांना थांबवलं. पुरुष गेले, पण बायका मुलांसाठी मागे राहिल्या. त्यांनी मिळून एक कुडाची खोली सारवून घेतली आणि कोंबडीची पिल्लं वाढवायचं ठरवलं. नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं घाटावरच्या एका केंद्रातून माळशेज उतरून आणायची होती. हिवाळ्यात माळशेजचा वारा अंगात शिरतो, आणि एका दिवसाच्या पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही. म्हणून हिटरवाली गाडी पाहिजे होती. अख्ख्या परिसरात ती मी एकटीच होते.

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला. पुठ्ठ्याची भोकं पाडलेली खोकी माझ्या दोन्ही बाजूंना रचली गेली. त्यांच्या तळाशी भाताचा तूस पसरलेला होता. आमच्याकडे गिरणीवर तूस हवा तेवढा मिळतो, आणि पिल्लांना तो मऊ आणि उबदार लागतो. आतून चिवचिवाट सुरू झाला आणि मला वाटलं, माझ्यासाठीच हा हिटर आजवर थांबला होता.

पण पाड्यावर पोचल्यावर खोकी उघडली, तेव्हा उजवीकडची पिल्लं टुणटुणीत होती आणि डावीकडची एकमेकांवर चढून गोळा झालेली. काही उठलीच नाहीत.

"डावीकडं गार लागतंय त्यांना," सकुबाई म्हणाली. तिने मनाशी उपाय ठरवला. पुढच्या खेपेला तिने डावीकडच्या खोक्यांत भरपूर तूस घालायला लावला, अगदी काठोकाठ. तिची माया खरी होती. पण त्या खेपेला डावीकडची पिल्लं पहिल्यापेक्षा जास्त दगावली.

त्या दिवशी पाड्यावर माझ्याभोवती बायका जमल्या. रुपा नावाची तरुण बाई होती, कडेवर मूल आणि जीभ तिखट. ती पंढरीवरच घसरली.

"तंबाखूची पिचकारी मारायला काच कोण खाली करतो? वारा काय मग बाहेरच उभा राहतो का?"

"अगो, माझी काच उजवीकडं," पंढरी म्हणाला. "पिल्लं मेली डावीकडं."

"म्हणजे वारा तुझ्या शेजारी मांडी घालून बसतो वाटतं."

बायका हसल्या. पंढरीही ओशाळून हसला. पण रुपाचं हसू लगेच मावळलं. ती सकुबाईकडे वळली.

"सकुआते, तुझ्या शब्दावर आमी थांबलो. पण आणखी एक खेप अशी गेली, तर मी पोराला घेऊन भट्टीवर जाईन. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ट्रक येतोय. मला दोष देऊ नको."

"नाय देणार," सकुबाई म्हणाली. ती रिकामी खोकी गोळा करू लागली.

पंढरी मला तडक शहापूरला कमळू मिस्त्रीकडे घेऊन गेला. कमळू पोटभर चेष्टा करून घ्यायचा आणि मगच कामाला लागायचा.

"हिटर बिघडला? आता एसी बिघडला म्हणून कोण येतंय त्याची वाट बघतो."

"मस्करी नको रे कमळू. बायकांनी मला खायचं बाकी ठेवलंय."

कमळूने इंजिन चालू ठेवलं, झाकण उघडलं आणि जाळीकडे जाणाऱ्या पाण्याच्या दोन्ही पाइपांना हात लावला. एक पाणी नेणारा, दुसरा परत आणणारा. दोन्ही गरम होते.

"पाणी बरोबर फिरतंय," तो म्हणाला. "एक गरम नि एक गार असता तर जाळी तुंबली म्हटलं असतं. आता राहिला वारा. त्यासाठी पुढचा डबा खोलायला लागंल. दोन दिवस गाडी ठेव."

"उद्या पिल्लं निघणार आहेत अंड्यातून. त्यांना थांबा म्हणून सांगू?"

कमळूने झाकण लावून टाकलं. वारा कुठे अडतो ते मी सांगितलं असतं, पण आम्हा गाड्यांना बोलायची सोय नसते. दुखतं कुठे ते ठाऊक असून सांगता येत नाही, याहून मोठं दुखणं मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकुबाई स्वतः आली. पुढे बसायला तिने नकार दिला आणि मागे दोन्ही रांगांच्या मध्ये पोत्यावर बसली. उन्हं अजून डोंगरामागेच होती. केंद्रातून निघालो आणि थोड्याच वेळात तिने खोक्यांची झाकणं किलकिली केली.

"पंढरी, उजवीकडची चोची उघडून बसलीत. पंख पसरलेत. भाजतायत ती. नि डावीकडची चढलीत एकमेकांवर."

"मग काय करू?"

"तू चालव."

तिने उजवीकडची खोकी डावीकडे आणि डावीकडची उजवीकडे घेतली. थोड्या वेळाने पुन्हा बदलली. पुन्हा. भाकरी उलटवावी तशी ती ती खोकी फिरवत राहिली. पण रस्ता लांब होता, घाट पुढेच होता, आणि एकटी बाई किती वेळ पुरी पडणार? डावीकडचा चिवचिवाट आधी कर्कश झाला, मग बारीक होऊ लागला. बारीक होणं वाईट, हे तिलाही कळत होतं आणि मलाही.

घाटाच्या माथ्यावर आलो तेव्हा आत एक वास दरवळला. भाजक्या तुसाचा, जरा कोंदट.

"राब भाजतंय कुणीतरी," पंढरी सहज म्हणाला.

मित्रांनो, आमच्याकडे भाताची रोपं टाकायची तो तुकडा हिवाळा सरत आला की पालापाचोळा जाळून भाजायला लागतात. त्याला राब म्हणतात. त्या दिवसांत गावोगाव तो वास असतोच. मागच्या दोन्ही खेपांनाही हा वास आला होता आणि दोन्ही वेळा पंढरीने तो राबावर ढकलून दिला होता. ज्याचं आयुष्य राबाच्या धुरात गेलं त्याला दुसरं काय सुचणार?

पण या वेळी सकुबाईने मान वर करून काचेबाहेर बघितलं. एका अंगाला सरळ उभा कडा, दुसऱ्या अंगाला दरी.

"इथं कातळावर राब कोण भाजतो रे?"

पंढरीने बाहेर बघितलं. मग काचांकडे. सगळ्या घट्ट बंद होत्या. त्याने मला कडेला घेतलं.

सकुबाई वास घेत घेत पुढे सरकली. उजव्या नळीच्या तोंडाला तिने हात लावला. गरम वारा सपकन आला. मग ती डावीकडे वाकली. तिथे हाताला फुंकरसुद्धा लागेना, नुसता वास येत होता.

"इथं श्वास कोंडलाय हिचा," ती म्हणाली.

पंढरीने सीटखाली हात घालून डाव्या नळीची पट्टी सैल केली आणि नळी वळसा घेते तिथे ओढून काढली. तिच्यातून तूस सांडला. आधी मूठभर, मग ओंजळभर, मग त्याच्या मांडीवर ढीगच. मध्ये मध्ये पिल्लांची पिवळी लव अडकलेली.

सकुबाईने खोक्यांखाली हात फिरवला, तिथेही तूस सांडला होता, आणि पंख्याच्या उघड्या तोंडापाशीही. मग सकुबाईला सगळं उमगलं. खोक्यांच्या भोकांतून तूस खाली सांडत होता, जाळी नसलेलं पंख्याचं तोंड तो ओढून घेत होतं आणि नळ्यांत फेकत होतं. उजव्या सरळ नळीतून तो बाहेर उडून जायचा. डाव्या नळीच्या वळणावर बसून राहायचा, तापायचा आणि वास सोडायचा.

"नि मी अजून घातला," ती हळूच म्हणाली. "गार लागतंय म्हणून अजून घातला."

"आता रडत बसू नको गो," पंढरी म्हणाला. "काटकी आण एखादी."

कारवीच्या काटकीने त्यांनी वळण मोकळं केलं. उरलेलं काढायला पंढरीने नळीत डोकावून पंखा जोरात सोडला, आणि सगळा तूस त्याच्या तोंडावर आला. मिशा, भुवया, केस, काही सुटलं नाही. सकुबाई त्या थंडीत पोट धरून हसली. मग तिने आपल्या पदराची पातळ किनार फाडली आणि पंख्याच्या तोंडावर ताणून बांधली. हवा जाईल, तूस जाणार नाही, इतपत विरळ. खोक्यांतला जास्तीचा तूस तिने पोत्यात भरून ठेवला आणि तळाशी वर्तमानपत्रं अंथरली.

नळी परत जागेवर बसली. खटका दाबला. मला अनेक वर्षांनी पूर्ण श्वास घेतल्यासारखं वाटलं.

घाट उतरेपर्यंत सकुबाई झाकणांतून बघत होती. डावीकडचा ढीग आधी सैल झाला. एक पिल्लू बाजूला सरकलं, मग दुसरं. सरळगावचा फाटा आला तोवर पिल्लं दोन्ही बाजूंना खोकंभर पसरून बसली होती. अंगणात धान वाळत घालावं तशी, सारखी.

पाड्यावर रुपाने पहिलं खोकं उघडलं, ते डावीकडचंच. तिने एक पिल्लू तळहातावर घेतलं. त्याने तिच्या बोटाला चोच मारली.

"हे डावीकडचं?"

"डावीकडचं," सकुबाई म्हणाली.

रुपाने पंढरीकडे बघितलं. त्याच्या कानात अजून तूस होता. मग ती आत गेली. त्याला गूळ-पाणी तिनेच आणून दिलं.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी भट्टीचा ट्रक पाड्यावर आला. मी तिथेच होते, खाद्याची पोती उतरत होती. ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला. रुपा खोलीच्या दारात आली, हात पदराला पुसत.

"यंदा जमायचं नाय," ती म्हणाली. "पोराची शाळा आहे नि हितं माझ्यावाचून चालायचं नाय."

ट्रक आला तसाच वळून गेला. त्याच्या मागे मुलं ओरडत थोडी पळाली आणि मग शाळेची घंटा झाली म्हणून माघारी फिरली.

मित्रांनो, त्यानंतर मी अनेक हिवाळे पिल्लं वाहिली. आता माझं इंजिन थकलं आहे आणि घाट मला झेपत नाही. तरी पंढरी आठवड्यातून एकदा मला चालू करतो आणि दोन्ही नळ्यांना हात लावून बघतो. मला त्याचं फार बरं वाटतं. तुमच्या घरीही एखादी जुनी वस्तू असेल, अर्धं काम करणारी आणि अर्धं टाळणारी. तिला लगेच भंगारात घालू नका, आणि माया म्हणून काहीबाही तिच्यात कोंबूही नका. आधी तिच्याजवळ बसा. हात लावून बघा, कुठे गरम लागतं आणि कुठे गार. जिथे गार लागेल, तिथे तुमचा हात जरा जास्त वेळ राहू द्या.