अर्जात नसलेली बाई

"आर्डिस, तुझा अर्ज मी दोनदा वाचला," फोनमधून पामेला म्हणाली. "पंधरा पानं आहेत. पण त्यात तू कुठेच नाहीस गं."

आर्डिसबाईंनी फोनचा आवाज मोठा करून ठेवला होता. पालकांच्या बैठकीसाठी घरून आणलेल्या लिंबाच्या वड्या कापण्यात त्यांचे दोन्ही हात गुंतले होते. मी समोर बसून टपाल फोडत होते आणि कान अर्थातच तिकडे होते.

"नाही कशी? पहिल्याच पानावर नाव आहे की माझं."

"नाव आहे. पुढे ऐक. 'नेतृत्वाचा अनुभव' या रकान्यात तू लिहिलंयस, 'पाचही शाळांमधले शिक्षक फार चांगले आहेत. बसचालक मर्विन हिमवादळातही प्रत्येक मूल घरी पोचवतो. कार्यालय जोलीन सांभाळते.' मग हे अनुदान मी मर्विनला देऊ का?"

"दे ना. चांगला माणूस आहे."

पामेला हसली, पण पुढे गंभीर झाली. राज्याच्या शिक्षण खात्यात बसून ती हे अर्ज तपासायची. विशेष शिक्षण विभागांच्या प्रमुखांना शिकवण्यासाठी पहिल्यांदाच असं अनुदान आलं होतं आणि राज्याच्या आमच्या, पश्चिमेकडच्या भागाच्या वाट्याला त्यातली एकच जागा होती. दोन वर्षं विद्यापीठात शिकायचं, फी खात्याची, बाई नसतील तेव्हा इथे बदली माणूसही खात्याचा. अट एकच. शिकून झाल्यावर चार वर्षं याच कामावर राहायचं.

"शुक्रवारपर्यंत तो रकाना नव्याने लिहून पाठव," पामेला म्हणाली. "आणि एका पालकाचं पत्र जोड. तू काय केलंस ते सांगणारं. तू. कळलं?"

फोन ठेवून बाईंनी मला एक वडी दिली. "जरा करपल्यात," त्या म्हणाल्या. वडी अजिबात करपलेली नव्हती. नॉर्थ डकोटाच्या आमच्या भागात चांगला पदार्थ हा असाच हातात द्यायची रीत आहे. चर्चच्या जेवणाला जिचं खिमा-बटाट्याचं भांडं सगळ्यांत आधी चाटूनपुसून संपतं, ती बाई दारात उभी राहून मीठ जास्त पडल्याची माफी मागत असते. आपली आरती आपणच ओवाळणारा माणूस इथे कुणाच्या घरात फार वेळ टिकत नाही. अशा मुलखातल्या बाईला 'स्वतःचे कर्तृत्व लिहा' म्हणणारा रकाना द्यायचा म्हणजे तिला भर चौकात गायला सांगण्यासारखंच.

पण ही जागा बाईंना हवी होती, हे मला ठाऊक होतं. एकोणीस वर्षांपूर्वी आधीचे प्रमुख नोकरी सोडून गेले, तेव्हा जाताना त्यांनी, बाई तेव्हा शिकवत त्या चौथीच्या वर्गाबाहेर त्यांना गाठून किल्ल्यांचा जुडगा हातात दिला आणि कायद्याची पुस्तकं भरलेलं खोकं गाडीतून काढून दिलं. एवढंच त्यांचं प्रशिक्षण. त्यानंतर पाच गावांमधल्या एकशे दहा विशेष मुलांचं सगळं त्यांच्याकडे आलं. खोक्यातली पुस्तकं त्या रात्री-अपरात्री वाचत राहिल्या. तरी एक नियम वाचायचा राहिला.

तो नियम ब्रेनाला भोवला. ड्वेन हॉफरची ही मुलगी बोलू शकत नाही. ती सात वर्षांची असताना तिला चित्रांवर बोट ठेवलं की बोलणारं यंत्र हवं होतं. बाईंनी पुढच्या वर्षीच्या खर्चात ते मागितलं आणि वाट पाहत बसल्या. खात्याच्या गोदामातून असं यंत्र आठवडाभरात उसनं मिळतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अकरा महिने ती पोर मुकी राहिली. आज ती सोळा वर्षांची आहे आणि यंत्रावर बापाला टोमणे मारते, पण ते अकरा महिने बाईंच्या मनातून गेलेले नाहीत. "आणखी काय काय मला माहीत नाही, जोलीन?" असं त्या मला मधूनच विचारतात.

बुधवारी दिवसभर बाई त्या रकान्यासमोर बसल्या. 'मी' लिहायच्या, खोडायच्या, 'आम्ही' लिहायच्या.

"बाई, 'मी' म्हणजे काही शिवी नव्हे," मी म्हटलं.

"तू लिहून बघ."

"मला कुठे अनुदान हवंय?"

गुरुवारी त्या लांबच्या शाळेत गेल्या, तशी मी ड्वेनला फोन केला. ड्वेन आणि मी शाळेत एका वर्गातले. गेल्या नऊ वर्षांत त्याने बाईंविरुद्ध खात्याकडे तेवीस तक्रारी केल्या होत्या. तो तासाभरात आला. डोक्यावर बियाण्याच्या दुकानाची टोपी, मागे ब्रेना, तिच्या गळ्यात यंत्र.

"पत्र?" तो म्हणाला. "त्या बाईची स्तुती करणारं? माझ्याकडून? जोलीन, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तू त्यांना सगळ्यांत जास्त ओळखतोस. तेवीस वेळा लिहिलंयस त्यांच्यावर. इतकं तर बायकोवरही लिहिलं नसशील."

"मला तक्रारच लिहिता येते, बाकी काही नाही."

"मग तक्रारच लिही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग टोपी काढून टेबलावर ठेवली आणि स्वतःची जुनी फाइल मागितली. ती मी काढून दिली. पालकाचा तो हक्कच आहे, आणि आम्हाला हे शिकवलंही त्यानेच. तो पानं उलटत बसला. ब्रेना खिडकीशी उभी राहून बैठकीतून उरलेल्या वड्या खात होती; एक तिने बापापुढेही ठेवली. अर्ध्या तासाने त्याने पेन मागितलं.

बाई साडेतीनला परतल्या. त्यांनी दार उघडताच ब्रेनाने यंत्रावर बोट ठेवलं.

"उशीर झाला," यंत्र म्हणालं. हे तिचं सगळ्यांत लाडकं बटण.

"हो गं बाई, रस्त्यावर बर्फ आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांना ड्वेन दिसला आणि त्यांनी खांदे सरळ केले. "आता काय झालं, ड्वेन?"

त्याने कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं:

'तक्रार क्रमांक चोवीस. प्रति, शिक्षण खातं. माझी तक्रार तुमच्याविरुद्ध आहे. आर्डिस मोएन या बाईंना एकोणीस वर्षांत तुम्ही काहीही शिकवलं नाहीत. माझ्या मुलीचं यंत्र अकरा महिने उशिरा आलं. नियम बाईंना माहीत नव्हता. तो त्यांना सांगणं तुमचं काम होतं. ज्या दिवशी त्यांना तो कळला, त्या दिवशी शून्याखाली पंचवीस होतं. चाळीस मैल गाडी चालवून त्या माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, ड्वेन, तुझं बरोबर होतं, चूक माझी. आजवर कुठल्याही कचेरीतला माणूस मला असं म्हणालेला नाही. पुढे त्या स्वतः ते यंत्र शिकल्या आणि सतरा मंगळवार येऊन माझ्या बायकोला शिकवलं. त्या जेवणाच्या वेळी येतात, अशी तक्रार मी तेव्हा केली होती. ती मागे घेतो. मला पुढेही तक्रारी करायच्या आहेत, आणि समोर हीच बाई हवी. फक्त तिला शिकवा.'

बाईंनी पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. चष्मा काढून त्या बराच वेळ तो स्वेटरच्या बाहीला पुसत राहिल्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"सतरा नव्हे," शेवटी बाई म्हणाल्या. "सोळा मंगळवार. एकदा वादळामुळे येता आलं नव्हतं."

"सतरा लिहिलेत, सतराच राहतील," ड्वेन गुरगुरला. "आणि बाई, वड्या बऱ्या झाल्यात."

'बऱ्या' म्हणजे आमच्याकडची सगळ्यांत मोठी दाद. तो गेल्यावर बाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी रकान्यातलं सगळं खोडून एकच वाक्य लिहिलं: 'मी चूक केली आणि ती सांगायला स्वतः गेले.' मग खाली पत्र जोडलं. पामेलाने नंतर सांगितलं, की तिच्याबरोबर अर्ज तपासणाऱ्या तिघांपैकी कुणीही त्यावर एकही शंका काढली नाही.

मंजुरी मार्चमध्ये आली. पण बाईंनी करारावर सही केली नाही, कागद आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरल्या. त्यांचा नवरा लायल आधीच निवृत्त झाला होता. त्याने राहण्याची सोय असलेली जुनी गाडी घेतली होती आणि दोन हिवाळे ती दुरुस्त करण्यात घालवले होते. बाईंना साठ पूर्ण झाली की दोघांनी ॲरिझोनाच्या वाळवंटात जायचं, बर्फाचं तोंड पाहायचं नाही, असं ठरलेलं. बाईंना तेव्हा एकोणसाठ चालू होतं.

"दोन वर्षं शिकायचं, मग चार कामाची," बाईंनी अखेर जेवताना लायलला सांगितलं. हे सगळं त्यांनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"म्हणजे सहा," लायल म्हणाला.

"सहा."

"हं." तो उठला, ताट धुतलं आणि अंगणात गेला. बाईंना वाटलं, रागावला. खिडकीतून पाहिलं तर तो गाडीखाली उताणा पडून काहीतरी आवळत होता. आत आला तेव्हा हात काळे झालेले. म्हणाला, "विद्यापीठापर्यंत ही जाईल, आर्डिस. खोली भाड्याने घेऊ नकोस."

जूनमध्ये उन्हाळी वर्ग सुरू झाले. पहिल्याच दिवशी काही कागदांवर बाईंची सही हवी होती, म्हणून मी पहाटे निघून अडीचशे मैल गेले. विद्यापीठाच्या मागच्या मैदानात, कापडी खुर्ची टाकून, लायल गाडीच्या दारात बसला होता. त्याने मला आत बोलावून कॉफी दिली.

"आत्ताच गेली," तो म्हणाला. "नवी पिशवी घेऊन. आत चार पेन्सिली, चारही टोकदार. मी सांगितलं, एक पुरे. ऐकते कुठे?"

गाडीतला छोटा फ्रिज मी पूर्वी पाहिला होता. त्यावर ॲरिझोनाचा नकाशा असायचा, निवडुंगाच्या आकाराच्या चुंबकाने लावलेला. तेच चुंबक होतं. त्याखाली आता वर्गांचं वेळापत्रक होतं. नकाशा नीट घडी करून फ्रिजच्या वर ठेवला होता, त्यावर साखरेची बरणी.

मी पाहतेय हे त्याने पाहिलं.

"वाळवंट कुठे पळून जातंय," तो म्हणाला आणि माझा पेला पुन्हा भरला. मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. नऊला पाच मिनिटं होती. "पोचली असेल," तो म्हणाला. "उशीर नाही झाला."