फटफटीच्या डोक्यात हवा

माझं वजन किती, हे मी सुनेला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. तिनं विचारलं ते कामासाठी, एवढं मला कळत होतं. पण पेन्सिल कानामागे खोचून कुणी असं विचारलं की माणूस खरं बोलतं का? मी म्हटलं, अंदाजानं धर. तर तिनं साइडकारमध्ये वाळूच्या तीन गोण्या टाकल्या, दोन पावलं मागे सरून माझ्याकडे नीट पाहिलं आणि चौथी गोणी अर्धी करून टाकली.

आता मुळापासून सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी भरकटली.

फटफटी ह्यांची. हे गेले, फटफटी राहिली, आणि तिच्या बाजूची साइडकार माझी म्हणून राहिली. एक्केचाळीस वर्षं मी तिच्यात बसते. आमचं घर चढणीच्या पायथ्याशी, आणि माझी थोरली बहीण, अक्का, चढणीच्या माथ्यावर. दहा मिनिटांचं अंतर. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी आम्ही तिच्याकडे निघालो, मुलगा चालवत होता, आणि निम्म्या चढावर, टपालपेटीपाशी, फटफटी दोनदा खोकली आणि बंद पडली. माझे गुडघे हे असे, मी काही उतरले नाही. मुलगा आणि वाटेवरचे दोघं मला गाडीसकट ढकलायला लागले. अक्का वर गच्चीत उभी होती. तिनं हे पाहिलं आणि ती हसली. हसली म्हणजे कशी, तर रस्त्यावरच्या चार खिडक्या उघडल्या.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तिथूनच ओरडून सांगितलं, तुझ्या दारात येईन तर माझ्याच गाडीत बसून येईन, एक पाऊल चालणार नाही, कुणाला ढकलू देणार नाही, नाहीतर येणारच नाही. ती वरून म्हणाली, मग मीही तोवर ही चढण उतरणार नाही. एकाच आईच्या दोघी, हट्टात ती तसूभर कमी नाही आणि मीही नाही. पुढची दोन वर्षं आम्ही एकमेकींचं तोंड पाहिलं नाही. काय मिळवलं? काही नाही. पण शब्द म्हणजे शब्द.

आणि मग परवाच्या सोमवारी तिचा फोन आला, तोही मला नाही, माझ्या मुलाला. घर सोडतेय म्हणाली. लेकीकडे चाललेय, समुद्रापलीकडे, कायमची. रविवारी सकाळी दहाला सामानाचा ट्रक निघेल, त्यातच पुढे बसून मीही बंदराकडे निघेन. तिला सांग, म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी मटार सोलत होते. मुलानं निरोप सांगितला, मी बरं म्हटलं आणि सोलत राहिले. थोड्या वेळानं पाहते तर दाणे कचऱ्यात आणि सालं पातेल्यात.

मुलगा म्हणाला, आई, टॅक्सीनं जाऊ. मुलगा माझा शहाणा आहे, दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या घडवतो, माझीही त्यानंच घडवलीय, पण काही गोष्टी त्याला कळत नाहीत. भाड्याच्या गाडीतून उतरले तर अक्का पहिलं काय म्हणेल? म्हणेल, ढब्बूची गाडी अजून चढत नाही वाटतं. लहानपणापासून मला ढब्बू म्हणते. तिला जाता जाता हे बोलायला मिळू द्यायचं? छे.

पण ती न भेटता गेली तर? माझं वय एकाहत्तर, तिचं अठ्ठ्याहत्तर. पुन्हा कुठली भेट? हे मी कुणाला बोलले नाही, टॅक्सी मात्र नको म्हणून सांगितलं.

सून गॅरेजमध्ये इंजिनं उघडते. संध्याकाळी घरी आली, कोपरापर्यंत हात धुतले, सगळं ऐकून घेतलं आणि पुसता पुसता म्हणाली की रविवारपर्यंत चढवते. मी विचारलं, कशी? ती म्हणाली, इंजिन आपल्या आपण ओढेल तेवढीच हवा खातं. हवा कमी म्हणून पेट्रोल कमी, पेट्रोल कमी म्हणून जोर कमी. आपण त्याला ब्लोअर लावू, म्हणजे हवा आत कोंबायची, जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जाईल. मी म्हटलं, अगं म्हणजे भरवायचं. हे मला बरोबर कळतं. तिच्या नवऱ्याला मी पाच वर्षांचा होईपर्यंत नाक दाबून भरवलंय. सुनेनं सांगितलं की इंजिनाच्या वरच्या भागाला हेडच म्हणतात, म्हणजे हवा थेट डोक्यातच जाणार. मुलगा पलीकडून पुटपुटला की डोक्यात हवा गेलेल्या दोघी घरात आहेतच, तिसरीनं काय फरक पडतोय.

मंगळवारी ती भंगारातल्या एका छोट्या मोटारीचा ब्लोअर घेऊन आली, बुटांच्या खोक्याएवढा. तो इंजिनाच्या शेजारी बसवला आणि इंजिनाच्याच चाकावरून पट्टा घेऊन फिरवला. जास्तीच्या हवेनं इंजिन फुटू नये म्हणून सिलिंडरखाली जाड पत्रा घालून आतली जागा वाढवली. ब्लोअरपासून कार्बोरेटरपर्यंतच्या, म्हणजे जिथे हवेत पेट्रोल मिसळतं तिथपर्यंतच्या, पाइपाचं वळण काही केल्या जुळेना, तेव्हा माझ्या मुलानं दातांचं माप घ्यायच्या प्लास्टरनं त्या वळणाचं माप घेतलं. पहिल्यांदाच बायकोच्या कामात त्याचा उपयोग झाला म्हणून स्वारी दिवसभर शीळ घालत होती. पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. माझ्या खुर्चीवर सायलेन्सर झोपला होता. मी एरवी घर डोक्यावर घेतलं असतं, पण त्या चार दिवसांत मला इतका आनंद होत होता की मी उभ्यानं जेवले.

शुक्रवारी दुपारी गॅरेजमागच्या चढावर चाचणी झाली. तेव्हाच त्या गोण्या. साडेतीन. असो.

सुनेनं किक मारली, फटफटी धडधडली, ब्लोअरनं वर बारीक शिट्टी धरली. चढावर घेतली, मूठ पिळली, आणि फटफटी अशी उसळली की मी टाळी वाजवायला हात उचलले. ते हात तसेच राहिले. दहा हात गेली, घुसमटल्यासारखी झाली आणि बंद. पुन्हा चालू केली. हळू चालवली तर शहाण्यासारखी चालायची, जोर मागितला की जीव टाकायची. सुनेनं कार्बोरेटर तीनदा उघडून धुतला, स्पार्क प्लग बदलला, पट्टा आवळला. शनिवारी दुपारपर्यंत तिचं तोंड एवढंसं झालं. आई, माझंच काहीतरी चुकतंय, म्हणाली आणि घराच्या पायरीवर जाऊन बसली. मला तिच्यावर चिडायचं होतं, पण त्या पोरीनं चार दिवस धड झोप घेतली नव्हती. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

मी स्वयंपाकघरात गेले. संताप आला की मी तळते. तेलाचा नवा डबा काढला, खिळा ठेवून एक भोक पाडलं, ओतायला लागले. डबा गुडगुडला, दोन थेंब टाकले आणि अडला. साहजिकच आहे, घाईत मी दुसरं भोक पाडायची विसरले होते. समोरच्या कोपऱ्यात दुसरं भोक पाडलं आणि धार लागली. तेल कढईबाहेर वाहायला लागलं तरी मी बघतच उभी. मग डबा तसाच हातात घेऊन पायरीवर गेले.

"तुझ्या टाकीला दुसरं भोक आहे का गं?"

ती दमलेल्या आवाजात म्हणाली, "आहे ना आई. झाकणालाच बारीक भोक असतं. तिथून हवा आत जाते, म्हणून तर पेट्रोल खाली उतरतं."

"पण ती साधीच हवा ना? आपण खाली कोंबतोय ती दांडगी. साधीचं दांडगीपुढे काय चालणार?"

सुनेचं तोंड उघडं राहिलं. मग ती उठली आणि तेलाच्या डब्यासकट मला मिठी मारली. ब्लोअर खालून पेट्रोलला वर दाबत होता आणि पेट्रोल बिचारं नुसत्या आपल्या वजनावर उतरायला बघत होतं. झाकणाचं भोक बुजवून, ब्लोअरच्याच हवेची एक बारीक नळी टाकीच्या डोक्यात सोडायची, दुसरी कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या वाटीत. खाली जेवढा दाब, तेवढाच वर. झाकणाखाली जाड रबरी वायसर बसला आणि झालं. माझं तेल वाया गेलं त्याचं कुणाला काहीच नव्हतं.

रविवारी सकाळी साडेनऊला आम्ही निघालो. रात्र नळ्या बसवण्यातच गेली, चाचणी घ्यायला वेळ नव्हता. सून चालवायला, मी साइडकारमध्ये, मुलगा मागून सायकलवर, कारण त्याचं वजन आम्ही धरलंच नव्हतं. सुनेनं आधीच बजावलं होतं: चढावर मूठ सोडणार नाही, मध्ये थांबले तर परत सुटेल की नाही सांगता येत नाही. मी म्हटलं, तू सूट तर खरी.

आणि सुटली. बाई गं, काय सुटली! शिट्टी चढत चढत किंकाळी झाली, माझी कवळी टाळूला चिकटली, चष्मा कपाळावर गेला. पावाचं दुकान गेलं, शाळेची भिंत गेली, एक कुत्रं आमच्याबरोबर पळायला निघालं आणि लाजून थांबलं. मी मोठमोठ्यानं हसत होते. टपालपेटी जवळ आली आणि मी डोळे मिटणार, तेवढ्यात पाहिलं. टपालपेटीला धरून, काठी टेकत, एक काडीसारखी म्हातारी खाली उतरत होती.

अक्का!

चालत. खाली. माझ्याकडे यायला.

मी तिच्या नावानं ओरडले, तिनं काठी उचलली, काहीतरी म्हणाली, पण ब्लोअरपुढे कुणाचं काय ऐकू येणार? सुनेनं मूठ सोडली नाही. आम्ही अक्काच्या बाजूनं सणसणत गेलो आणि थेट तिच्या रिकाम्या घराच्या दारात जाऊन थांबलो. तिथे ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर दोऱ्या आवळत होता. दोन वर्षं मी ज्या दाराची स्वप्नं बघितली त्या दारात मी बसून पोचले, न चालता, न ढकलता, आणि दार उघडायला बाई घरात नाही. मी सुनेला म्हटलं, फिरव.

अक्का टपालपेटीशेजारच्या कठड्यावर बसली होती. धाप लागली होती. आधी कुणी बोलायचं? तीच बोलली, थोरली ना.

"मी खाली येत होते."

"मी वर जाऊन आले."

"मग हरलं कोण?"

मी हात पुढे केला. म्हटलं, बस. साइडकार एकीची, म्हणून ती माझ्या मांडीवर बसली. लहानपणी मी तिच्या मांडीवर बसायची, आता हे असं. सून म्हणाली, खाली जाऊन धाव घेऊन येऊ, इथून थांबलेली गाडी चढणार नाही. मी म्हटलं, इथूनच. हीच जागा आहे ती. सुनेनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, फटफटी पुन्हा वरच्या बाजूला वळवली आणि क्लच हळूहळू सोडला. चाक जागच्या जागी घासलं, पट्टा किंचाळला, फटफटी हातभर मागे आली. मी साइडकारची कड धरली. मग शिट्टी लागली, चढली, आणि आम्ही निघालो.

अक्का हसायला लागली. तेच हसणं. त्याच खिडक्या पुन्हा उघडल्या. दोन वर्षं ज्या हसण्यानं माझी झोप उडवली होती ते माझ्या छातीला टेकून गदगदत होतं. मला राहवेना, तिच्या कानाशी ओरडून विचारलं, तेव्हा का हसलीस मला?

ती मागे वळली. तिचे डोळे वाहत होते, वाऱ्यानं की कशानं ते माहीत नाही.

"तुला कुठे हसले, ढब्बू? मला वाटलं, तू पण हसशील."

दोन वर्षं. दहा मिनिटांचं अंतर. मी तिला घट्ट धरलं आणि रडले, आणि रडता रडता हसले, कारण फटफटी इतक्या जोरात चालली होती की नीट रडताही येत नव्हतं.

वर पोचलो. ड्रायव्हर घड्याळ बघत होता. दहाला पाच कमी. मागून मुलगा सायकल ढकलत घामाघूम येऊन पोचला. अक्का उतरायला काठी चाचपडायला लागली. मी तिचा हात सोडला नाही. सुनेला विचारलं, टाकीत पेट्रोल किती राहिलंय?

तिनं झाकण फिरवलं, आतली दाबलेली हवा फुस्सकन सुटली. वाकून पाहिलं.

"चार खेपांचं असेल, आई."

"मग चारही कर," मी म्हटलं. अक्कानं काठी ड्रायव्हरच्या हातात दिली आणि पुन्हा माझ्या मांडीवर नीट बसली.